चिंचेखालची रात्र: कॅम्पर व्हॅनच्या सोलरचा एक हिशेब

पार्श्वभूमी

मी सोलापुरात घरांच्या गच्च्यांवर सोलर बसवतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तेव्हापासून जुळे सोलापूर आणि होटगी रोडच्या गच्च्यांवरून खाली उतरायला फुरसत नाही. गाडीवरची कामं त्याआधी दोनच केली होती. दोन्ही खाद्यपदार्थांच्या गाड्या, चार दिवे आणि एक पंखा. त्याला अनुभव म्हणायचं तर म्हणा.

हे तिसरं काम माझ्या शाळेतल्या सरांचं. निवृत्त मुख्याध्यापक, विषय गणित आणि विज्ञान. नावगाव देत नाही, ओळख पटेल अशा एकदोन गोष्टी बदलल्या आहेत. सरांनी आणि काकूंनी एक जुनी ट्रॅव्हलर, म्हणजे मिनीबससारखी व्हॅन, घेतली. आधीच्या मालकाने तिच्यात दोन पलंग, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवून घेतली होती. आरसीवर गाडी कॅम्पर म्हणूनच नोंदलेली होती, त्यामुळे तो भाग आमच्या वाट्याला आला नाही. ज्यांची गाडी साधी प्रवासी आहे त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ पाहून आधी आरटीओ गाठावं, ड्रिल मशीन नंतर. 

काकूंना मधुमेह आहे. दिवसातून दोनदा इन्सुलिन. त्यांची अट एकच आणि पहिल्याच दिवशी सांगितलेली: "बाकी सगळं बंद पडलं तरी चालेल, फ्रिज बंद पडायचा नाही." 

सरांनी विचारलं, "त्या ७८ हजारांच्या सबसिडीचं गाडीला काही जमतं का रे?" नाही जमत. सूर्यघरची ती सबसिडी घराच्या छतावर बसलेल्या आणि महावितरणच्या लाईनला जोडलेल्या सोलरसाठी आहे. 

मागणी आणि अडचण

मुलगा हैदराबादला असतो. त्याने व्हॉट्सअॅपवर यादी पाठवली: एक टनाचा एसी, इंडक्शन, मिक्सर, टीव्ही, फ्रिज, पंखे, दिवे, मोबाईल. खाली एक ओळ, "कितीचं सोलर लागेल?"

गच्चीवर हा प्रश्न सोपा असतो. महिन्याचं बिल बघायचं, युनिट मोजायचे, जागा बघायची. कमी पडलं तर महावितरण आहेच. गाडीत कमी पडलं की अंधार. शिवाय गाडीत युनिटचा हिशेब फार मोठ्या मापाचा होतो, तिथे वॉट-तासांत मोजावं लागतं. हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट. वॉट आणि वॉट-तास यांत काकूंचा गोंधळ होत होता तेव्हा सर म्हणाले, "वॉट म्हणजे गाडीचा वेग, वॉट-तास म्हणजे कापलेलं अंतर. पंखा हळू चालतो पण रात्रभर चालतो. मिक्सर सुसाट जातो पण गल्लीच्या टोकापर्यंतच." मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना हे समजावतोय, इतकं नेटकं मला कधी जमलं नव्हतं.

यादीतला एसी आधी निकालात काढला. एक टनाचा इन्व्हर्टर एसी उन्हाळ्यात रात्रीचे आठ तास चालवायचा तर पाच-सहा हजार वॉट-तास सहज जातात. सोलापुरात वर्षाची सरासरी धरली तर आडव्या पॅनलला दिवसाला साधारण साडेपाच तास पूर्ण क्षमतेचं ऊन मिळतं. उष्णता, वायर, कंट्रोलर (पॅनलच्या विजेने बॅटरी चार्ज करणारं यंत्र), बॅटरी यांतली गळती वजा केली की त्यातलं सत्तर टक्के हाती लागतं. म्हणजे पॅनलच्या एका वॉटमागे दिवसाला ३.८५ वॉट-तास. सहा हजारांसाठी दीड हजार वॉटपेक्षा जास्त पॅनल हवं. छतावर पुढे हवेची खिडकी आणि मागे कॅरियर सोडून टेपने मोजलं तर सपाट जागा २.६ मीटर बाय १.३ मीटर. दीड हजार वॉट तिथे बसतच नाही. बरं, एसी चालणार रात्री, म्हणजे ती सगळी वीज बॅटरीत साठवायची. बारा व्होल्टची साडेपाचशे अँपिअर-अवर (हे बॅटरीच्या साठवणीचं माप) लिथियम! मुलाला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मग ते लोक व्हिडिओत कसं चालवतात?" व्हिडिओत जनरेटर दिसत नाही, इतकंच सांगितलं.

इंडक्शनचीही तीच गत. १,८०० वॉटने चाळीस मिनिटं म्हणजे १,२०० वॉट-तास, शिवाय दोन हजार वॉटचा इन्व्हर्टर. त्याऐवजी पाच किलोचा सिलिंडर आला, स्वतंत्र कप्प्यात, तळाशी जाळी ठेवून; हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर खालीच साचतो. मिक्सर काकूंनीच उडवला. "शेंगाचटणी उखळातली असते, मिक्सरची नसते. घरून कुटून नेईन." कडक भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात असली की दोन दिवस ओटा पेटला नाही तरी सोलापूरकराचं अडत नाही. टीव्हीबद्दल कोणीच काही बोललं नाही.

काकूंची वही

इंटरनेटवर तयार तक्ते मिळतात, त्यात आपली उपकरणं भरायची की आकडा बाहेर येतो. मी तेच करणार होतो. सर म्हणाले, तक्ता दुसऱ्याच्या घरचा, आपण आपलं मोजू. फ्रिज आणि दोन बारा व्होल्टचे पंखे आधीच विकत घेतलेले होते. मी एक वॉट-मीटर दिला आणि पाच दिवस काकूंनी घरच्या हॉलमध्ये सगळं चालवून वहीत नोंदी केल्या. पंखा किती वाजता लावला, किती वाजता बंद केला, फ्रिज किती वेळा उघडला, हेसुद्धा. महिना फेब्रुवारी.

वहीतून निघालेला रोजचा खर्च असा:

फ्रिज (४५ लिटर, ६० वॉट): ३८० वॉट-तास
दोन पंखे, प्रत्येकी १८ वॉट, आठ तास: २८८
दिवे: ६०
मोबाईल वगैरे: ५५
पाण्याचा पंप: १५

एकूण ८०० च्या आत. फ्रिज ६० वॉटचा असला तरी चोवीस तास ६० वॉट खात नाही. कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो आणि खर्च त्या चालू वेळेवर ठरतो. मी वर पंचवीस टक्के धरून हजार वॉट-तासांचा आकडा पक्का केला. त्याला ३.८५ ने भागलं की २६० वॉट. कागदावर एवढ्याशा पॅनलमध्ये काम भागत होतं.

या वहीचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. मोजमाप खरंच चोख होतं. फक्त ते फेब्रुवारीत, सिमेंटच्या घरात, पंख्याखाली केलं होतं, आणि गाडी पहिल्यांदा बाहेर पडणार होती एप्रिलमध्ये. सोलापूरकर असून मला हे सुचू नये, याचं आजही नवल वाटतं.

कोणते पर्याय होते

पॅनलचे दोन पर्याय. एक, बारा व्होल्टची दोन छोटी पॅनल, प्रत्येकी २०० वॉट. दुसरा, गच्चीवर बसतं ते ५४० वॉटचं एकच मोठं पॅनल, साधारण २.२८ बाय १.१३ मीटर, वजन २८ किलोच्या आसपास. छोट्या पॅनलचा वॉटमागचा भाव बराच जास्त पडतो, आणि मोठं माझ्या गोदामात रोज येतं. हाफ-कट पॅनल असल्याने त्याच्या दोन अर्ध्या भागांची जोडणी समांतर असते, म्हणजे एका टोकाला सावली पडली तरी दुसरं टोक काम करत राहतं. गरज २६० ची असताना ५४० घेणं ही उधळपट्टी वाटेल, पण पावसाळा आणि धूळ धरून मी मोठंच सुचवलं. पुढे त्यानेच वाचवलं, आणि पुढे त्यानेच मला गाफीलही ठेवलं.

माझ्याआधी सरांनी एका दुकानातून कोटेशन आणलं होतं. त्यात हेच मोठं पॅनल होतं, पण सोबत स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर. हा कंट्रोलर पॅनलला ओढून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो. ५४० वॉटचं पॅनल साधारण ४१ व्होल्ट आणि १३ अँपिअरवर काम करतं. त्याला १३ व्होल्टवर बांधलं की १३ गुणिले १३, म्हणजे १७० वॉटच्या आसपास. उरलेलं सगळं छतावरच वाया. एमपीपीटी कंट्रोलर जास्तीच्या व्होल्टेजचं रूपांतर अँपिअरमध्ये करून देतो, म्हणून ४० अँपिअरचा तोच घेतला. सरांनी ते कोटेशन अजून जपून ठेवलंय, नातवाला शिकवायला म्हणे.

बॅटरीबाबत फार खल झाला नाही. १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते ती लेड-अॅसिड बॅटरी, निम्म्यापर्यंतच वापरायची, वजन पन्नास किलोच्या पुढे, आणि चार्ज होताना तिच्यातून गॅस सुटतो. जिच्या शेजारी दोन माणसं झोपणार तिथे ती नकोच. लिथियम आयर्न फॉस्फेटची २०० अँपिअर-अवर घेतली, २,५६० वॉट-तासांची. ऐंशी टक्के वापरली तरी दोन दिवस ऊन नसताना भागेल, असा हिशेब. किमतीत दुपटीहून जास्त फरक होता. सरांनी पेन्शनच्या फरकाचं नाव काढलं आणि विषय संपला.

बसवताना

पॅनल छतापासून चार सेंटीमीटर वर उचलून बसवलं. एवढी फट ठेवायचं कारण उष्णता. पॅनलवर लिहिलेले वॉट हे त्यातले सेल (पॅनलमधले छोटे चौकोन) २५ अंशांवर असतानाचे असतात. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटतं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये सेल ७० अंशांपर्यंत तापतो. म्हणजे ऊन सगळ्यात कडक असतं तेव्हाच पॅनल पंधरा-सोळा टक्के कमी देतं. खालून वारा गेला तर थोडं तरी निवतं.

तिरकं करायची सोय हवी का, असं सरांनी विचारलं. त्यांनीच हिशेब करून नको ठरवलं. सोलापूरचा अक्षांश साडेसतरा अंशांच्या थोडा वर. १० मेच्या सुमारास इथे सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. उन्हाळ्यात आडवं पॅनलच योग्य कोनात असतं. डिसेंबरात दुपारचा सूर्य ४९ अंशांवरच राहतो, तेव्हा तोटा होतो, पण तेव्हा पंखे बंद असतात.

कंट्रोलर मागच्या कप्प्यात, बॅटरी पलंगाखाली, दोन्हींमध्ये १६ चौरस मिमीची केबल, बॅटरीच्या अगदी तोंडाशी फ्यूज. कंट्रोलर कंपनीतून लेड-अॅसिडच्या सेटिंगवर येतो, ते बदलून लिथियमवर आणलं. इथपर्यंत काम मनासारखं.

पंखे, दिवे आणि फ्रिजच्या सॉकेटसाठी आधीच्या मालकाने ओढलेली वायर भिंतीच्या प्लायमागून गेलेली होती. दिवे लावून पाहिले, लागले. फ्रिज लावून पाहिला, चालला. प्लाय उचकटायला एक दिवस गेला असता, वर सनमायका तडकण्याची भीती. मी ती वायर तशीच ठेवली.

एप्रिलचा मुक्काम

पहिला मुक्काम बार्शी तालुक्यात, काकूंच्या भावाच्या शेतावर. शुक्रवारी सकाळी दहाला पोहोचले तेव्हा बॅटरी शंभर टक्के. शेतात एक जुनं चिंचेचं झाड, त्याच्याखाली गारवा. गाडी कुठे लावायची हा प्रश्नच कोणाला पडला नाही. चाळीस अंशांत, सावली समोर असताना, उन्हात गाडी लावणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

चिंचेचं पान बारीक, त्यामुळे सावली गाळीव असते. माणसाला वाटतं, येतंय की थोडं ऊन. पॅनलला मात्र असं कवडसा-कवडसा ऊन भावत नाही. सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात आणि ओळीतला सर्वात काळोखा सेल बाकीच्यांना अडवतो. उघड्या उन्हात एप्रिलमध्ये जे पॅनल दोन हजारांच्या वर वॉट-तास द्यायचं, त्याने शुक्रवारी ५२० दिले आणि शनिवारी ४७०.

खर्चही वहीप्रमाणे झाला नाही. बंद गाडीत दुपारी ताप वाढलेला. फ्रिज फेब्रुवारीत ३८० खायचा तो ६४० वर गेला. पंखे आठऐवजी चौदा तास चालले, त्यांचे ५०४. सगळं मिळून दिवसाला १,२७५ च्या घरात.

तरीही बॅटरी संपायला नको होती, आणि संपलीही नव्हती. शनिवारची रात्र, दोन वाजत आलेले. फ्रिज बीप वाजवून बंद पडला. सरांनी मोबाईलवर पाहिलं, बॅटरी ५४ टक्के. फ्रिज पुन्हा लावला, दोन मिनिटांत पुन्हा बंद. काकूंनी आत ठेवलेल्या छोट्या थर्मामीटरवर पहाटे पाचला ११ अंश दाखवले. इन्सुलिनचा साठा २ ते ८ अंशांत ठेवायचा असतो. काकूंनी फार बोल न लावता भावाच्या घरच्या फ्रिजमध्ये डबा नेऊन ठेवला. घर जवळ होतं म्हणून निभावलं.

काय करायचं, हा वाद

रविवारी सकाळी माझा फोन वाजला. मुलाचं मत पक्कं होतं: बॅटरी कमी पडली, अजून १०० अँपिअर-अवर जोडा. शिवाय छतावर आणखी एक पॅनल.

खरं सांगतो, विकणं सोपं होतं. गिऱ्हाईक स्वतःहून मागत होतं. पण ५४ टक्क्यांचा आकडा खुपत होता. निम्मी भरलेली बॅटरी फ्रिज बंद पाडत असेल तर दुसरी बॅटरीही पाडेल. आणि सावलीत एका पॅनलऐवजी दोन लावली तर थोडक्याचं दुप्पट होईल, ते थोडकंच. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की फ्रिज स्वतःच बंद होतो; ती बॅटरी-संरक्षणाची सेटिंग मी 'हाय'वरून 'लो'वर आणायला सांगितली, तेवढी रात्र काढायला. ही मलमपट्टी होती. ती लावून मी गप्प बसलो असतो तर फ्रिज चालला असता आणि आजार आतच राहिला असता.

सोमवारी गाडी सोलापुरात माझ्याकडे आली. दिवसा तपासलं तर फ्रिज ठणठणीत. एक तास काही सापडेना. मग सर म्हणाले, "रात्री काय-काय चालू होतं ते सगळं चालू करून बघ." दोन्ही पंखे, दिवे, फ्रिज, सगळं लावलं. मल्टिमीटर बॅटरीवर धरला, १३.१ व्होल्ट. फ्रिजच्या सॉकेटला धरला, ११.०. सहा मीटरच्या वाटेत दोन व्होल्टपेक्षा जास्त गायब! माझ्या हाताखालचा पोरगा प्लायमागे हात घालून म्हणाला, "दादा, वायर गरम लागायलीय की."

प्लाय उचकटला. एक चौरस मिमीची वायर, घरात दिव्याला टाकतात तसली. फ्रिज पाच अँपिअर, पंखे तीन, दिवे आणि चार्जर मिळून आणखी एक. नऊ अँपिअर त्या एकाच जोडीतून. एक चौरस मिमी तांब्याच्या मीटरभर वायरीचा रोध साधारण ०.०१७५ ओहम. जाणं-येणं धरून बारा मीटर, म्हणजे ०.२१. लायटर सॉकेटच्या ढिल्या पात्यांचा थोडा वेगळा. नऊने गुणा, दोन व्होल्ट. घरच्या २३० मध्ये दोन व्होल्ट पडले तर कोणाला कळतही नाही. १३ मधले दोन म्हणजे पंधरा टक्क्यांच्या वर. दिवसा पंखे बंद असायचे, म्हणून फ्रिज कधी कुरकुरला नव्हता.

ती वायर आधीच्या मालकाची असली तरी चूक माझी. नव्या बॅटरीपासून नव्या कंट्रोलरपर्यंत जाड केबल टाकायची आणि पुढची जुनी तशीच ठेवायची, हे म्हणजे विहिरीवर दहा एचपीची मोटार बसवून पुढे अर्ध्या इंची पाईप जोडण्यासारखं झालं. त्या दिवसाची मजुरी मी घेतली नाही.

दुरुस्ती

फ्रिजला स्वतंत्र सहा चौरस मिमीची जोडी, तिला बॅटरीशीच दहा अँपिअरचा फ्यूज, आणि लायटर सॉकेटच्या जागी घट्ट बसणारा अँडरसन कनेक्टर. पंखे-दिव्यांना वेगळी अडीच चौरस मिमीची. पुन्हा सगळं लावून मोजलं तेव्हा फ्रिजपाशी १२.९ व्होल्ट मिळाले.

सावलीचं कोडं एवढ्याने सुटत नव्हतं. सुटं २०० वॉटचं पॅनल लांब वायरने उन्हात ठेवावं, असा एक विचार झाला. पण त्याचं व्होल्टेज मोठ्या पॅनलच्या निम्मं, दोन्ही एकाच कंट्रोलरला समांतर जोडता येत नाहीत, दुसरा कंट्रोलर घ्यावा लागला असता. शिवाय रोज सकाळी पॅनल उतरवा, मांडा, राखण करा. काकूंनी हात जोडले.

इंजिनवरून चार्ज करायची सोय मात्र केली. गाडीच्या अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) लिथियम थेट जोडली तर ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. म्हणून मध्ये करंट मर्यादेत ठेवणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर. गाडी चालू असली की तासाला साडेतीनशेच्या आसपास वॉट-तास मिळतात. सोलापूर ते तुळजापूर एवढ्या प्रवासात फ्रिजचा जवळपास दिवसभराचा खुराक निघतो.

सगळ्यात मोठी बचत मात्र काकूंनी काढली, आणि तिला पैसे पडले नाहीत. एप्रिलच्या मुक्कामात फ्रिजमध्ये रोज सहा लिटर पाणी गार व्हायला ठेवलं जात होतं. पस्तीस अंशांचं पाणी पाच अंशांवर आणायला त्यातून दोनशेच्या वर वॉट-तास उष्णता काढावी लागते, आणि त्यासाठी एवढासा कॉम्प्रेसर दीडशेच्या आसपास वीज खातो. काकूंनी गाडीत माठ आणला. मागच्या कोपऱ्यात चुंबळीवर बसवून बेल्टने आवळला. सोलापूरची कोरडी हवा माठाला मानवते. दुपारपर्यंत पाणी गार. फ्रिजमध्ये उरलं दूध, भाजी आणि इन्सुलिनचा डबा, तोही थंड पत्र्याला चिकटणार नाही असा, कारण इन्सुलिन गोठलं तर निकामी होतं. फ्रिज ज्या खोक्यात कोंबला होता त्याला खाली आणि मागे जाळ्या पाडल्या. खर्च ६४० वरून ४५० च्या आसपास आला.

आणि गाडी कुठे लावायची? इथे सरांचं गणित कामी आलं. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, सोलापूर ७६ च्या जवळ, त्यामुळे इथला खरा मध्यान्ह बाराला होत नाही, साडेबाराच्या सुमारास होतो. सूर्योदयापासून अकरापर्यंत आडव्या पॅनलला दिवसाच्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा मिळतो. ते सकाळचं ऊन माणसालाही सोसतं. म्हणून ठरलं: रात्रीच गाडी उघड्यावर लावायची, सकाळी अकरापर्यंत तिथेच, मग सावलीत. दिवे लागायच्या वेळी परत उघड्यावर. रात्रीचा वाराही उघड्यावरच लागतो.

पुढे काय झालं

मे महिन्यात त्याच शेतावर, मुद्दाम त्याच चिंचेपाशी दोन रात्री काढल्या. पॅनलने पहिल्या दिवशी १,०९० दिले, दुसऱ्या दिवशी १,१३०. खर्च हजाराच्या आसपास. बॅटरी ६४ टक्क्यांखाली गेली नाही. फ्रिजचा थर्मामीटर ३ ते ६ मध्ये. काकूंच्या वहीत त्या पानावर फक्त आकडे आहेत, शेरा नाही. त्यांच्या वहीत शेरा नसणं म्हणजे पास.

डिसेंबरात बदामी-हंपी नऊ रात्री झाल्या. पंखे जवळजवळ नव्हतेच, रोजचा प्रवास होता, त्यामुळे त्या सहलीतून शिकण्यासारखं काही निघालं नाही. बॅटरी बहुतेक वेळ भरलेलीच.

वेगळं काय करता आलं असतं

खर्च फेब्रुवारीत मोजला याबद्दल लिहिलंच आहे. हॉलऐवजी गाडीत, दुपारी, खिडक्या लावून एक दिवस मोजलं असतं तरी फ्रिजचा आकडा खरा निघाला असता. आता नवीन गिऱ्हाइकाला मी मीटर देतो तेव्हा तो गाडीतच लावायला सांगतो.

बॅटरीची टक्केवारी पाहून निष्कर्ष काढायचा मोह सगळ्यांना झाला, मलाही. व्होल्टेज उपकरणाच्या तोंडाशी मोजायचं आणि सगळं एकदम चालू ठेवून मोजायचं, ही पंधरा मिनिटांची चाचणी काम सुपूर्द करतानाच व्हायला हवी होती. इन्सुलिनसाठी घरून एक बर्फाच्या पिशव्यांचा थर्मास बरोबर ठेवायला हवा होता. तो आता असतो.

५४० वॉट घेतल्याचा मला पस्तावा नाही, पण त्यामुळे "दुप्पट आहे, काळजी नको" असं मीच सरांना सांगून बसलो होतो. गाडी कुठे उभी राहणार, हा प्रश्न मी पहिल्या भेटीत विचारलाच नाही. गच्चीच्या कामात पहिला प्रश्न तोच असतो: शेजारची टाकी कुठे, नारळ कुठे, सावली किती वाजता येते. छताला चाकं आहेत म्हटल्यावर तो विचारायचा राहून गेला.

आता गणपतीत कोकणात जायचं त्यांच्या मनात आहे. तिथे ढग असले की दिवसाला अडीच-तीन तासांपेक्षा जास्त ऊन धरता येणार नाही, दमट हवेत माठ गार होणार नाही, आणि फणसाखाली गाडी लावायचा मोह पुन्हा होणारच. हिशेब केला तर पॅनलचे हजाराच्या आसपास वॉट-तास, तेही गाडी उघड्यावर लावली तर. मी साध्या सॉकेटवर चालणारा २० अँपिअरचा चार्जर सुचवलाय, मुक्कामी कुठेतरी प्लग मिळेलच. सर म्हणाले, आधी जुलैत सोलापुरातच पावसाचे चार दिवस गाठून मोजून बघू. काकूंनी नवी वही आणली आहे.